छोटीची खुर्ची आणि अल्हमरा

आमच्या घरी लग्नाची पत्रिका आली की एक वाक्य ठरलेलं असायचं. "छोटीला कशाला त्रास? ती घरीच बरी." आधी अम्मी म्हणायच्या, मग खाला म्हणायच्या, पुढे मीही म्हणू लागले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. एसटीचा लांबचा प्रवास, मंडपात खुर्च्यांची दाटी, शौचालय कुठं आणि कसं असेल ते ठाऊक नाही, त्यात लोक टक लावून बघणार. म्हणून छोटीसाठी डब्यातून बिर्याणी यायची आणि आम्ही समाधानानं सांगायचो, तिला सगळं जागेवर मिळतं.

छोटी म्हणजे माझी धाकटी बहीण. वय बेचाळीस, पण घरात ती छोटीच. दीड-दोन वर्षांची असताना पोलिओ झाला आणि दोन्ही पायांतली ताकद गेली. घरात कॅलिपर बांधून, कुबड्यांवर दहा-वीस पावलं टाकते; बाहेर व्हीलचेअर लागते. गावातल्या चार दुकानांचे हिशेब ती घरी कॉम्प्युटरवर सांभाळते. अब्बा हायस्कुलात इतिहास शिकवायचे. आम्ही बाकीची भावंडं लग्नांत मिरवत होतो, तेव्हा छोटी अब्बांच्या कपाटातली पुस्तकं वाचत होती. अंदलूसचे सुलतान तिला असे पाठ आहेत, जशी आम्हाला नात्यागोत्यातली माणसं.

माझा मुलगा दोन वर्षांपासून माद्रिदला शिकतो. गेल्या वर्षी त्याचा फोन आला, "अम्मी, एकदा ये. तुला ग्रॅनडा दाखवतो." ग्रॅनडा म्हणजे अब्बांच्या पुस्तकातलं गरनाता. मी कागदपत्रांच्या मागे लागले. एका संध्याकाळी छोटीनं सहज विचारावं तसं विचारलं, "मी आले तर?" मी तितक्याच सहज उत्तर दिलं, "अगं, तिथं सगळे चढउतार आणि दगडी गल्ल्या. तुला नाही झेपायचं." तिनं मान हलवली आणि पुन्हा हिशेबात डोकं घातलं. मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "नाही झेपायचं, असं खाला म्हणाली की तू?"

त्या प्रश्नानं छोटीचा पासपोर्ट निघाला. तिकिटाचे पैसे तिनं स्वतःच्या कमाईतून भरले. नात्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी विचारलं, "एवढा खर्च करताय, तर तिला उमऱ्याला का नेत नाही?" प्रश्न चुकीचा नव्हता. उत्तर छोटीनंच दिलं. "उमरा करायचाच आहे, इन्शाअल्लाह. पण मी आजवर विमान सोडा, साधी रेल्वेत बसलेली नाही. हरमच्या गर्दीत जायच्या आधी माझी खुर्ची कुठं चालते आणि कुठं अडते, हे मला कळू दे."

दोन टेकड्यांचं शहर

ग्रॅनडा स्पेनच्या दक्षिणेला, सिएरा नेवाडाच्या बर्फाळ डोंगरांच्या पायथ्याशी आहे. मधून दार्रो ही छोटी नदी वाहते. नदीच्या एका अंगाला साबिका टेकडी, तिच्यावर अल्हमरा. दुसऱ्या अंगाला अल्बाइसिन ही जुनी मुस्लिम वस्ती. कॉर्दोबा १२३६ साली आणि सेव्हिल १२४८ साली हातचं गेलं, तरी नसरी घराण्यानं गरनात्यात अडीचशे वर्षं राज्य टिकवलं. मुहंमद पहिला यानं १२३८ मध्ये अल्हमराचं बांधकाम सुरू केलं. युसूफ पहिला आणि त्याचा मुलगा मुहंमद पाचवा यांनी चौदाव्या शतकात आज दिसणारे महाल उभे केले. २ जानेवारी १४९२ रोजी अबू अब्दुल्लाहनं किल्ल्यांच्या चाव्या फर्डिनंड आणि इसाबेला यांच्या हाती दिल्या. धर्माला हात लावणार नाही, असं तहात लिहिलं होतं. दहा वर्षांच्या आत सक्तीची धर्मांतरं सुरू झाली आणि १६०९ ते १६१४ या काळात उरलेल्या मोरिस्कोंना देशाबाहेर घालवण्यात आलं.

हे सगळं छोटी आगगाडीत सांगत होती. गाडीत खुर्चीसाठी राखीव जागा होती. स्टेशनावर मदतीसाठी आधी नोंद केली होती, म्हणून माणूस रॅम्प घेऊन डब्याच्या दाराशी हजर. कुणी तिला उचललं नाही. गाडी सुटल्यावर ती म्हणाली, "आपा, मला न उचलता कुठं चढवलं असं आज पहिल्यांदाच झालं."

पण सगळं सरळ झालं असं नाही. हॉटेलनं 'व्हीलचेअरची सोय आहे' असं लिहून दिलं होतं. दारात पायरी नव्हती, लिफ्ट होती. मात्र बाथरूमचं दार खुर्चीपेक्षा दोन बोटं अरुंद. पहिल्या रात्री छोटी कॅलिपर बांधून, भिंतीला धरून आत गेली. मी हळहळत होते. तिनं मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दाराची रुंदी टेपनं मोजून वहीत लिहून ठेवली.

बसून बघायचे महाल

गुरुवारी अल्हमरा. गावातून वर जाणाऱ्या लाल मिनीबसला रॅम्प होता, म्हणून तो खडा चढ चढावा लागला नाही. आत वाटा लांब आहेत, कुठं खडी, कुठं फरशी, कुठं चढ. नसरी महालात तिकिटावर छापलेल्या वेळेलाच सोडतात. एकदोन ठिकाणी पायऱ्या आल्या, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यानं आम्हाला वेगळ्या वाटेनं नेलं. काही खोल्या उंबऱ्यावरूनच बघाव्या लागल्या. सातशे वर्षांपूर्वीची इमारत आहे. सगळं सपाट करता येणार नाही, आणि तशी छोटीची मागणीही नव्हती.

मग आम्ही अर्रायानेसच्या चौकात आलो. मेंदीसारख्या दिसणाऱ्या झुडपांच्या दोन रांगा, मध्ये चौतीस मीटर लांबीचा हौद आणि पाण्यात उलटा दिसणारा कोमारेसचा बुरूज. त्या बुरुजात सुलतानाचा दरबार भरायचा. छताला आठ हजारांहून अधिक लाकडी तुकडे जोडून सात आसमान दाखवले आहेत. आत माणसांची दाटी होती. सगळ्यांच्या माना वर आणि हातात मोबाइल. मीही वरच बघत होते. छोटी म्हणाली, "आपा, जरा खाली बस."

मी तिच्या खुर्चीशेजारी उकिडवी बसले आणि ती खोली बदलली. भिंतीच्या खालच्या भागातली रंगीत फरशांची नक्षी एकदम डोळ्यांसमोर आली. उभी असताना खिडक्या फार खाली वाटत होत्या. बसल्यावर त्यांतून थेट समोरची टेकडी दिसू लागली. छोटीनं समजावलं, "इथं लोक गालिच्यावर, तक्क्याला टेकून बसायचे. खोली बसलेल्या माणसासाठी बांधली आहे. उभं राहून बघणाऱ्याला अर्धीच दिसते." आजूबाजूला शेकडो धडधाकट माणसं उभी होती आणि त्या महालात बरोबर उंचीवर होती ती एकटी माझी बहीण.

भिंतींवर जिथं नजर जाईल तिथं नसरी घराण्याचं ब्रीद कोरलेलं आहे: व ला गालिब इल्लल्लाह. अल्लाहखेरीज कुणी विजेता नाही. मक्तबात कुरआन शिकलेल्या कुणालाही त्यातलं अल्लाहचं नाव ओळखता येईल. छोटी बोट न लावता, हवेतच अक्षरं गिरवत होती. सिंहांच्या चौकात एकशे चोवीस खांब आहेत आणि बारा संगमरवरी सिंहांच्या पाठीवर कारंज्याचं पात्र आहे. पात्राच्या काठावर गरनात्याचाच कवी आणि वजीर इब्न जमरक याचं काव्य कोरलेलं आहे. हे पाणी दार्रो नदीवर कित्येक किलोमीटर वरून कालव्यानं आणलेलं. "पंप नाही, काही नाही," छोटी म्हणाली. "नुसता उतार नीट सांभाळला. आपल्याकडे सरकारी इमारतीचा रॅम्प बांधणाऱ्यांना इथं आणलं पाहिजे."

बुरुजाखाली

दुपारी अल्काजाबा, म्हणजे टेकडीच्या टोकाचा जुना किल्ला राहिला होता. तिथल्या बेला बुरुजावरून सारं शहर दिसतं. पण तिथं फक्त पायऱ्या. मी म्हटलं, "राहू दे, आपण नको जाऊ." छोटी चिडली. "मी नको म्हणून तुम्हीही नको? तुम्ही दोघं जा. मी इथं चौकात चहा घेते. वर काय दिसतं ते खाली येऊन सांगा."

आम्ही गेलो खरे, पण माझा जीव खालीच होता. परक्या मुलखात, भाषा येत नाही, ती एकटी. बुरुजावरून मी आधी शहर पाहिलंच नाही. चौकातली खुर्ची शोधली. ती दिसली नाही, तेव्हा पायांत गोळे आले. धापा टाकत खाली उतरले तर ती झाडाच्या सावलीत, हातात कागदी पेला, शेजारच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाईशी खाणाखुणांनी बोलत होती. दोघी हसत होत्या. "आपा, एवढ्या लवकर आलात?" तिच्या आवाजात थोडी नाराजी होती.

नंतर तिनं सांगितलं की बेचाळीस वर्षांत घराबाहेर ती कधी एकटी बसलेलीच नव्हती. कायम कुणीतरी शेजारी, पाण्याचा पेला धरून.

जुम्याची जमात

मी मात्र त्या दुपारचा उलटा अर्थ काढला. मला वाटलं, छोटीला थांबायला आवडतं. झेपत नाही तिथं ती आनंदानं मागं राहते.

दुसऱ्या दिवशी जुम्मा. अल्बाइसिनच्या माथ्यावर, सान निकोलास चौकाला लागून, गरनात्याची मोठी मशीद आहे. २००३ साली ती उघडली, तेव्हा पाचशेहून अधिक वर्षांनी या शहरात नमाजसाठी नवी मशीद बांधली गेली. अब्बा असते तर त्यांनी ही बातमी कापून वहीत चिकटवली असती. वाटेवर मात्र नदीतले गोल गोटे उभे रोवलेली फरसबंदी आहे. सकाळी नाश्त्याला मी सरळ जाहीर केलं, "जुम्याला मुलगा जाईल. आम्ही दोघी खोलीवरच जोहर पढू." छोटीनं मान हलवली. तीच मान, लग्नाच्या पत्रिकेच्या वेळची.

मुलगा निघून गेला. तासभर ती खिडकीशी बसून होती. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. मग ती म्हणाली, "आपा, तू मला विचारलं नाहीस."

"अगं, त्या गोट्यांवरून खुर्ची..."

"खुर्चीचं मला ठाऊक आहे. तू विचारलं नाहीस."

"काल तर तूच खाली थांबलीस."

"काल मी थांबले. आज तू मला ठेवलंस."

मी गप्प झाले. ती पुढं जे बोलली ते मी जन्मभर विसरणार नाही. "आपल्याकडे बायका मशिदीत जात नाहीत. मला आयुष्यात एकदा जुम्याच्या जमातीत बसायला मिळत होतं. माजुराला सूट आहे, मला माहीत आहे. पण ती सूट अल्लाहनं मला दिली आहे. रुखसत माझी आहे, आपा. माझ्या वतीनं तू ती कशी घेतेस?"

आम्ही पाच मिनिटांत निघालो. मिनीबसनं वरच्या चौकाच्या जवळ उतरलो आणि मग गोटे सुरू झाले. खुर्चीची पुढची छोटी चाकं फटीत रुतली. मी ढकलत होते आणि छोटी पुढं कलंडत होती. "ढकलू नकोस," ती म्हणाली. "मला मागं कलव, पुढची चाकं उचल, आणि तू पाठमोरी होऊन ओढ." घरच्या अंगणातल्या जांभ्याच्या चिऱ्यांवर ती हे शिकली होती. मला बेचाळीस वर्षांत हे माहीत नव्हतं, कारण अंगणाच्या पुढं मी तिला कधी नेलंच नव्हतं. वाटेत हिजाब घेतलेली एक स्पॅनिश मुलगी थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती छोटीसमोर वाकली आणि हातानं विचारलं, धरू का? छोटीनं होकार दिला, तेव्हाच तिनं खुर्चीला हात लावला.

मशिदीशी पोहोचलो तेव्हा लोक बाहेर पडत होते. जमात संपली होती.

छोटी काही बोलली नाही. मशिदीच्या बागेत आम्ही दोघींनी जोहर आणि असर कसर करून पढली. तिनं खुर्चीत बसून, मी शेजारी. दरीपलीकडे सारा अल्हमरा उन्हात लालसर दिसत होता. मुलगा आम्हाला शोधत आला. "खाला, तू येणार होतीस तर मी सकाळी लवकर नेलं असतं ना!" त्याच्या त्या साध्या वाक्यानं मला रडू फुटलं. सकाळी मी एक प्रश्न विचारला असता, तर तिला जमात मिळाली असती. गोट्यांनी तिला अडवलं नव्हतं. मी अडवलं होतं.

इब्ने उम्मे मक्तूम यांची गोष्ट

त्या रात्री छोटीनंच हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) यांची आठवण काढली. त्यांना दिसत नव्हतं. सूरह अबसच्या सुरुवातीच्या आयती त्यांच्याच संदर्भात उतरल्या, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. पण पुढचं आपण कमी सांगतो. पैगंबर (स.) यांनी त्यांना हजरत बिलाल (रजि.) यांच्यासोबत मुअज्जिन केलं. मदिनेबाहेर जाताना एकाहून अधिक वेळा शहराचा कारभार त्यांच्यावर सोपवला. एका हदीसमध्ये येतं की दृष्टी नसलेल्या एका सहाबींनी घरीच नमाज पढण्याची परवानगी मागितली, तेव्हा पैगंबरांनी (स.) अजान ऐकू येते का, हे विचारलं आणि येते म्हटल्यावर मशिदीत येण्यास सांगितलं. उलेमांनी माजुरांच्या सवलतीचे मसले सविस्तर मांडलेले आहेत आणि ती सवलत खरी आहे. पण छोटीचं बोट वेगळ्या जागी होतं. "बघ आपा, परवानगी त्यांनी स्वतः मागितली. आणि त्यांना आधी प्रश्न विचारला गेला."

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी आम्ही दार्रोच्या काठानं मारिस्तानच्या बाजूला जाऊन आलो. सुलतान मुहंमद पाचवा यानं १३६५ ते १३६७ या काळात गरीब आजाऱ्यांसाठी इथं दवाखाना बांधला. पुढे तिथं मनोरुग्णांनाही ठेवत. एकोणिसाव्या शतकात इमारत पाडली गेली, आता अवशेष आहेत. तिची कोनशिला आणि हौदावरचे दोन सिंह अल्हमराच्या संग्रहालयात आहेत. गावाच्या टोकाला नव्हे, वस्तीच्या कुशीत बांधलेला दवाखाना. आजारी माणसाला लोकांच्या नजरेआड करायचं नाही, हे त्या काळी कुणाला तरी सुचलं होतं.

जाणाऱ्यांसाठी

घरातल्या अपंग माणसाला घेऊन युरोपात जाणार असाल, तर आमच्या अनुभवातून आणि छोटीच्या वहीतून काही गोष्टी:

विमान: तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मदत नोंदवा. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमानुसार ही मदत मोफत असते. मात्र निदान ४८ तास आधी कळवायचं असतं. स्वतःची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत वापरता येईल का आणि उतरताना तिथंच मिळेल का, ते विचारा. सुटे होणारे भाग आणि गादी काढून हातात ठेवा. बॅटरीची खुर्ची असेल तर बॅटरीचा प्रकार विमान कंपनीला लेखी कळवून मंजुरी घ्या.

हॉटेल: 'सोय आहे' या शब्दावर थांबू नका. खुर्चीची रुंदी मोजून जा आणि खोलीच्या व बाथरूमच्या दाराची रुंदी सेंटिमीटरमध्ये मागा. बाथरूमचा फोटो मागवा. पलंगाची उंची विचारा.

अल्हमरा: तिकीट नावानं मिळतं, पासपोर्ट सोबत लागतो. ते बरेच दिवस आधी संपतं, म्हणून अधिकृत संकेतस्थळावरून लवकर काढा. अपंगांसाठीची सवलत आणि चाकांच्या खुर्चीची वाट यांची चौकशी तिथंच करा. अल्काजाबात पायऱ्या आहेत, हे धरून चाला. पूर्ण दिवस ठेवा आणि मध्ये विश्रांती घ्या.

शहर: कॅथेड्रल, युसूफ पहिल्यानं १३४९ साली सुरू केलेला मदरसा आणि कोर्राल देल कार्बोन ही चौदाव्या शतकातली सराय, हे सगळं खालच्या सपाट भागात जवळजवळ आहे. अल्बाइसिनला मिनीबसनं वर जा. गोट्यांवर खुर्ची मागं कलवून उलटी ओढा. खडा उतार असेल तर पाठमोरे उतरा. खुर्चीसकट बसता येईल अशी गाडी हवी असल्यास 'युरोटॅक्सी' म्हणून विचारा.

नमाज: आम्ही शाफई. मुक्काम चार दिवसांच्या आतला होता, म्हणून कसर आणि जमा दोन्हींचा आधार घेतला. आपापल्या मसलकाप्रमाणे निघण्याआधीच आलिमांना विचारून घ्या. बसून नमाज, मसह, तयम्मुम यांचे मसलेही तेव्हाच विचारा. पाण्याची छोटी बाटली सोबत असू द्या, तिथल्या शौचालयात पाणी नसतं.

जेवण: काल्देरेरिया गल्लीत मोरोक्कन पदार्थांची दुकानं आहेत; हलालची खात्री करून घ्या. इतर ठिकाणी भाजीच्या पदार्थातही हॅमचे तुकडे आणि रश्शात वाइन असू शकते, म्हणून दर वेळी विचारा.

तब्येत: सतत बसल्यानं जखमा होतात. चांगली गादी घ्या आणि थोड्या थोड्या वेळानं हातांवर भार देऊन अंग उचलायची आठवण ठेवा. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत ठेवा. चाकांत हवा असेल तर पंक्चर काढायचं सामान न्या.

आणि सगळ्यात आधी: ज्याला नेताय त्यालाच विचारा. जायचं का, कुठवर जायचं, कुठं थांबायचं, आणि थांबायचं तर एकट्यानं की कुणासोबत. खुर्ची ढकलण्याआधीही विचारा. ती खुर्ची म्हणजे त्या माणसाचे पाय आहेत.

परत आल्यावर

उमऱ्यासाठी छोटीची तयारी सुरू आहे. टूरवाल्याला तिनं स्वतः फोन केला. हॉटेलपासून हरमच्या दारापर्यंतचं अंतर, लिफ्टची रुंदी, बाथरूमचं दार, असे प्रश्न ऐकून तो बिचारा म्हणाला, "बाजी, इतकं आजवर कुणी विचारलं नव्हतं." आता तो सगळं मोजून कळवणार आहे. पुढच्या एखाद्या छोटीला त्याचा उपयोग होईल.

गेल्या महिन्यात चिपळूणहून लग्नाची पत्रिका आली. अम्मींनी सवयीनं सुरुवात केली, "छोटीला कशाला..." आणि त्या थांबल्या. माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "छोटी, येतेस का गं?"

छोटीनं हिशेबाच्या वहीतून मान वर केली, थोडा विचार केला आणि म्हणाली, "नाही अम्मी. मला लग्नांचा कंटाळा येतो. तुम्ही जा."

आम्ही गेलो. ती घरीच थांबली. निघताना मी विचारलं, बिर्याणी आणू का? ती म्हणाली, "आण. आणि गोडही."